मी अंगठेवाला नाई

ते सिंदेवाहीकडचे शेतकरी. पित्ताशयातले खडे काढायला आमच्या गडचिरोलीच्या दवाखान्यात आले होते, आणि त्यांना भूल देणारी डॉक्टर मी. त्यांच्या मनगटाला दोन पट्ट्या चिकटवून मी अंगठा हातात घेतला, तर त्यांनी मूठच आवळली.

"अंगठा कायले पायजे जी बाई?"

मी समजावलं. औषधानं सगळं अंग ढिलं पडतं, श्वाससुद्धा मशीन देतं. मनगटाला बारीक करंट दिला की अंगठा चारदा हलतो. चारही झटके सारखे आले म्हणजे ताकद परतली, मग घशातली नळी काढायची.

"पण मी अंगठेवाला नाई. साठी उलटल्यावर नातीजवळून सही शिकलो. तुमच्या मशीनले पेन द्या म्हणा."

शेवटी, हा अंगठा कुठल्याही कागदावर लागणार नाही, अशी मला शपथ घ्यावी लागली. साक्षीला सिस्टर.

ऑपरेशन झालं. ढिलेपणा उतरवणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं अंगठा चारदा सारखा उडाला. त्यांनी डोळे उघडले. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येईना.

"भाऊ, माझा हात दाबा."

दाबायचं सोडून त्यांनी माझा तळवा उलटा केला आणि त्यावर बोटानं सही गिरवायला घेतली. नाव झालं, आडनाव झालं, खाली लांब रेघ झाली. रेघेखाली दोन टिंबं त्यांनी अशी दणकून ठोकली, की मी "आई गं!" म्हणाले आणि नळी काढली.