मोहगावच्या उतारावरची माती

फाल्गुन संपत आला होता. आर्वीकडून आलेल्या एका गाडीवानाने ताईचा निरोप दिला, "पाडव्याच्या आत येजो. जमीन पाहाची हाये." एवढेच. मी दोन दिवस नुसता विचार करत राहिलो. मी सातवीतून शाळा सोडलेला, कापसाच्या जिनमध्ये काट्याजवळ बसून वजने लिहिणारा माणूस. पण ताईच्या सासरी मी 'शिकलेला भाऊ' आहे, आणि शिकलेल्याला माती कळते असा तिथे समज आहे. शेवटी मालकांकडे रजा मागितली. आमच्या सेलूच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकात डोंगराकडच्या भागाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून जमेल तसे व्यवस्थित लिहितो. कोणाला जायचे असेल तर उपयोगी पडेल.

प्रकरण असे होते. ताईच्या घरी दोघा भावांची वाटणी चालली होती. तिकडची रीत अशी की थोरल्याने दोन वाटे पाडायचे आणि धाकट्याने त्यातला हवा तो आधी उचलायचा. एकदा उचलला की बदल नाही. ताईच्या भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाने, वाटे पाडले होते: नाल्याकाठची अडीच एकर काळी एक, आणि तिच्या वरची अकरा एकर डोंगरउताराची, दगडाधोंड्यांची, झाडांची दुसरी. आमचे भाऊजी धाकटे. पाडव्याला त्यांनी बोलायचे होते. दोन लेकरांचे पुढचे सगळे खाणे त्या एका शब्दावर होते.

सेलू रोडहून सकाळच्या पॅसेंजरने पुलगाव, आणि तिथून आर्वीची लहान गाडी. भाडे फार नाही, पण सुटे पैसे जवळ ठेवावेत. खिडकीबाहेर सगळी काळी राने उघडी पडली होती, भेगा अशा की पाय जाईल. समोरच्या बाकावर दोन शेतकरी होते. मी डोंगरजमिनीचा विषय काढला, ही माझी चूक.

"डोंगराची माती म्हंजे सोनं," एक म्हणाला. "पानी थांबतच नाई. संत्र्याचं मूळ सडत नाई."

"पानी थांबत नाई तं झाड काय तुहं नाव पिते?" दुसरा म्हणाला.

"माह्या साळ्याची बाग हाये तिकडं."

"तुह्या साळ्याच्या बागेतली एक फोड तं खाऊ दे कधी. दहा वर्सं ऐकून राह्यलो."

आर्वीपर्यंत ते दोघे भांडले आणि मी दोघांचेही पटवून घेत गेलो. उतरताना मला आधीपेक्षा कमी कळत होते.

आर्वीहून मोटारीने तळेगाव. त्या दिवशी बाजार होता. स्टँडजवळच्या हॉटेलात गरम भजी आणि चहा मिळतो. भजी मिरचीची घ्यावीत, कांद्याची तेल फार पितात. पुढे मोहगावपर्यंत बैलगाडी. वाटेत रस्ता चढू लागतो तशी चाकाखालची माती काळी होती ती तपकिरी होते, मग तांबूस, आणि मग चाक दगडावरून खडखडत जाते. पळस फुलले होते. जाणाऱ्याने पाणी बरोबर घ्यावे.

रात्री ताईने भाकर, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. भाऊजी जेवताना एकच गोष्ट बोलत होते.

"अकरा एकर, मधू. अकरा."

"दगडं मोजून अकरा," ताई म्हणाली. "तुमी वर गेलते कधी? मी जातो काड्या आनाले. मले माईत हाये."

"मंग खालची घे म्हंते काय?"

"मी काईच नाई म्हनत. म्हनून तं याले बलावलं."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी भाकरीकडे पाहिले.

सकाळी आम्ही तिघे वर गेलो. उतार असा की सरळ चढता येत नाही, आडवे आडवे जावे लागते. झाडांखाली पाला बाजूला केला तर माती काळी, भुसभुशीत, चांगल्या वासाची निघाली. भाऊजी हसले. पण दोन बोटे खणले तोच रंग बदलला, तांबूस माती आणि तिच्यात धारदार दगड. आणखी खाली मुरूम. त्याच्याखाली पहार लागली तसा ठण्ण आवाज आला. काही ठिकाणी हे सगळे हातभर खोल होते, चार पावलांवर वीतभरसुद्धा नाही. जिथे चढ जास्त तिथे थर पातळ, एवढे मला दिसले. आणि एक गोष्ट प्रत्येक झाडापाशी दिसत होती: बुंध्याच्या वरच्या अंगाला माती साठून ढीग झालेला, आणि खालच्या अंगाला मुळे उघडी. एकही भेग कुठे नव्हती. आमच्याकडे भेग पडत नाही त्या रानाला कोणी विचारत नाही. पण याच मातीवर दोघांच्या कवेत मावणार नाही असे ऐनाचे झाड उभे होते.

मग मी खड्ड्याची परीक्षा केली. घर बांधायच्या आधी आमच्याकडे जागा पाहतात ती: हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायचा, निघालेली माती परत भरून पायाने दाबायची. माती उरली तर जागा चांगली, कमी पडली तर वाईट. मी खणले, भरले, दाबले. चांगली टोपलीभर उरली. भाऊजींनी मांडीवर थाप मारली. दुसरीकडे खणले, तर दीड टोपली. त्याहून खडकाळ जागी जवळजवळ दोन.

मोहाची फुले वेचायला आलेली एक गोंडीण टोपली कमरेवर घेऊन आमच्याकडे पाहत होती.

"कोनाले पुरून राह्यले, बावा?"

"वाटनीले," ताई म्हणाली.

दुपारी खाली नाल्याकाठी येऊन काळ्या रानात तसाच खड्डा केला. भरताना काही माती भेगांत उतरून गेली आणि खड्डा दोन बोटे रिकामा राहिला. म्हणजे परीक्षेप्रमाणे काळे रान वाईट आणि जितका खडक जास्त तितकी जमीन चांगली. मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. हे खरे असणे शक्य नव्हते, आणि रीत खोटी म्हणायची माझी छाती होईना.

"दगडं दाबल्यानं दबतात काय?" ताईने विचारले.

मी परत वर गेलो. एका खड्ड्यातले सगळे हाताने चाळले, दगड वेगळे केले आणि फक्त माती आत टाकली. खड्डा अर्धासुद्धा भरला नाही. आता कळले, असे वाटले. दगड म्हणजे शत्रू. वेचून टाकले तर काय उरते, ते हे. मी भाऊजींना सांगायला निघालो आणि सहज एक मोठा धोंडा पायाने उलटवला. त्याखालची माती ओली होती. फाल्गुन संपताना, उघड्या डोंगरावर, ओली. दुसरा उलटवला, तिसरा उलटवला, तसेच.

गोंडीण मोहाखाली बसली होती. मी तिला विचारले, इथले दगड वेचले तर?

"वेचले ना. थ्या तिकडं माह्या सासऱ्यानं वेचले. दोन वर्सं कुटकीचं पीक झालं मस्त. मंग पान्यानं मातीच नेली." मग ती म्हणाली, "पन माहा दीर म्हंते, वेचले म्हनून नाई, देवाले कोंबडं नाई देल्लं म्हनून. आता काय मालूम."

मी ती जागा पाहून आलो. नुसता मुरूम होता. तिथून खाली वाहून गेलेली माती कुठे गेली हे शोधत मी ओघळीच्या काठाने उतरत गेलो. ओघळ सरळ नाल्याकाठच्या अडीच एकरात उघडत होती. तिथे काळे रान कुठे सुरू झाले आणि डोंगर कुठे संपला, हे मला दाखवता आले नसते. आधी तांबूस, मग तपकिरी, मग काळी. कोणतीही रेघ नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारल्यावर सगळे ओसरीवर बसले. भासरे खाटेवर होते. मोठा माणूस, आवाज कमी.

"बोला मंग, शिकलेले भाऊ. काय म्हंते माती?"

मी पाठ केलेले सगळे विसरलो. "दादाजी, मले समजलं नाई," मी म्हणालो. "वरची माती खाली येऊन राह्यली. खालची जमीन कोठून सुरू होते, थेच मले सापडलं नाई."

भासरे हसले. "येवढ्यासाठी सेलूहून आले?"

भाऊजी तोंड उघडणार तोच ताई दारातून बोलली. भासऱ्यांसमोर ती बोलत नसे. पदर ओढून, दाराच्या चौकटीकडे पाहत बोलली. "मंग आडवे वाटे काऊन पाडले? उभे पाडा. वरून नाल्यापर्यंत दोन पट्ट्या. ज्याची माती वाहीन, थे त्याच्याच वावरात पडंन."

भासऱ्यांनी पान जुळवायला घेतले.

"रीत उचलाची हाये. मोडाची नाई."

"उचलतो ना. तुमी पाडा, आमी उचलतो."

"निरुंद पट्टीत बैल वळतीन कसे? तूच वळवजो."

"वळवीन."

भाऊजी खाली पाहत होते. त्यांचे अकरा एकर गेले होते. भासऱ्यांनी पान तोंडात टाकले, बराच वेळ चघळले, आणि मग उठून उभी रेघ आखायला दोर मागितला. वरचे टोक धरायला ते स्वतः गेले. मध्ये तीन ठिकाणी बसून दम घेतला, आणि प्रत्येक ठिकाणी बसल्या बसल्या एखादा दगड उलटवून पाहिला.

मी दुसऱ्या दिवशी परत निघालो. तळेगावहून आर्वीची मोटार सकाळची धरावी, नाहीतर लहान गाडी चुकते. जिनमध्ये सगळ्यांनी विचारले, जमीन चांगली की वाईट? मी सांगायला लागलो की वाक्य मध्येच अडते. दगडांमुळे पीक नाही, आणि दगडांमुळेच ओल आहे. झाड आहे म्हणून माती थांबते, आणि झाड काढल्याशिवाय पेरता येत नाही. ताईने बरोबर केले की माझ्या गोंधळापायी भाऊजींचे नुकसान झाले, याचा विचार माझ्या मनात रोज येतो.

दिवाळीनंतर भाऊजी कापूस घेऊन पुलगावला आले तेव्हा मी तिथे जाऊन भेटलो. पट्टीत बैल वळवताना ताईचे आणि बैलांचे रोज भांडण होते म्हणाले. पेरणीआधी तिने वरच्या अंगाला दगडांचा आडवा बांध घातला आणि पावसाळ्यात त्यामागे वीतभर माती साठली.

"आन् दादाजी?" मी विचारले.

"त्यानं पोळ्यालेच घातला त्याच्या पट्टीत," भाऊजी म्हणाले. "हिच्यापेक्षा हातभर उच्चा."