काळ्या शाईखालचे तीन रविवार

प्रमिला लोखंडे यांची कादंबरी सांगलीच्या ख्रिस्ती देवळातल्या महिला मंडळानं गेल्या नाताळात छापली. एकाहत्तरच्या लढाईत लष्करी गुप्तवार्ता खात्यात असलेला एक शिपाई, साताऱ्याची एक ख्रिस्ती शिक्षिका आणि त्यांचं न झालेलं लग्न. शेवटी शिपाई घरच्यांना भिऊन पाठ फिरवतो आणि नायिका गुडघे टेकून त्याला क्षमा करते. मंडळाच्या बायकांनी डोळे पुसले. प्रमिलाबाईंचे कोरडे राहिले. क्षमा वगैरे पाळकांसाठी लिहिली होती. पंचाहत्तराव्या वर्षी एका माणसाचा भित्रेपणा चारचौघांत मांडून त्यांना बरं वाटलं होतं, एवढंच खरं.

माणूसही खरा होता. रहिमतपूरचा हंबीरराव. त्याची धाकटी बहीण राणी साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहात होती आणि प्रमिलाबाई तिथं नव्यानं शिकवायला लागल्या होत्या. सुटीवर आला की तो बहिणीला भेटायला यायचा. पुढंपुढं बहीण नुसतं निमित्त झाली.

त्याचं काम होतं जवानांची पत्रं वाचायचं. ठिकाण, तारीख, रजा, गाडी, शत्रूला उपयोगी पडेल असं काही दिसलं की त्यावर काळी शाई फासायची. लोकांची प्रेमपत्रं वाचून पगार घेतोस, लाज नाही वाटत, असं प्रमिलाबाई चिडवायच्या. तो हसायचा. पण एक गोष्ट त्यानं बजावून ठेवली होती. त्याची पत्रं वरचे साहेब वाचायचे. कधी एखादी ओळ खोडलेली आली तर ती कसली म्हणून पत्रात विचारायचं नाही. विचारणाऱ्याचंही नाव टिपलं जातं.

डिसेंबरच्या आरंभी त्याचं पत्र आलं. थंडी, चहा, राणीचा अभ्यास, आणि खाली चार ओळींवर काळा पट्टा. तुकडी कुठं आहे ते लिहिलं असेल, असं समजून प्रमिलाबाई गप्प बसल्या. सांगितलेलं ऐकणारी मुलगी ना! पत्र पोचलं, म्हणून उलट टपाली कळवलं. नाताळची गाणी बसवतोय, केक खालून करपला, असलं चार पानं भरून लिहिलं.

पुन्हा त्याचं पत्र आलं नाही. मे महिन्यात खंडाळ्याकडची मुलगी करून तो मोकळा झाला. प्रमिलाबाईंनी लग्न केलं नाही. माणसं कारण विचारायची, तेव्हा त्या म्हणायच्या, वेळ झाला नाही.

फेब्रुवारीत राणी दारात उभी राहिली. डोकं पांढरं, गुडघ्यांनी वाकलेली.

"बाई, वळखलं न्हाई व्हय?"

दादा संक्रांतीनंतर गेला, म्हणाली. पिशवीतून तिनं कादंबरी काढली. तिच्या सुनेनं सांगलीहून नेली होती. दादानं ती दोनदा वाचली, मग ट्रंक उघडून ही जुनी वही काढली. कुठलंही पत्र आधी वहीत कच्चं लिहायची त्याला सवय होती.

प्रमिलाबाईंनी चष्मा लावला. थंडी होती, चहा होता, राणीचा अभ्यास होता. त्याखाली चार ओळी.

"वीस जानेवारीला रजा लागते. मी बाप्तिस्मा घ्यायला तयार आहे. तुझ्या वडिलांना सांगून दोन, नऊ आणि सोळा तारखेच्या रविवारी देवळात आपली नावं वाचायला लाव. तुला नको असेल तर या विषयावर काही लिहू नकोस, नेहमीसारखं पत्र लिही. मी समजेन."

लग्नाआधी तीन रविवार पाळक दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत आहे का विचारतात. हे त्यानं कुणाला तरी विचारून घेतलं असणार. आणि रजेची तारीख पत्रात जात नाही, हे ठाऊक असून रोज दुसऱ्यांच्या तारखा खोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या पत्रात चार तारखा लिहिल्या. साहेबानं सगळाच मजकूर खोडला. लग्नाच्या बोलण्याला कोण गुप्त बातमी समजेल, असं हंबीररावाला वाटलं असेल. मूर्ख.

त्यांनी कपाटातून मूळ पत्र आणलं, वहीशेजारी ठेवलं. पट्टा ओळींच्या बरोबर लांबीचा होता.

"पुस्तकात त्या काळ्या पट्ट्याचं वाचलं, पुस्तक मिटलं आन म्हनला, माज्याच शाईनं घात केला गं," राणी सांगत होती. "मग रोज म्हनायचा, मला सांगलीला न्या. पोरं म्हनली, ऊस तुटू दे, मग जाऊ. ऊस तुटला त्याच आठवड्यात गेला."

पन्नास वर्षं प्रमिलाबाईंनी एक राग जपला होता. त्यावर नोकरी केली, आजारपणं काढली, कादंबरी लिहिली. आता तोही त्यांचा राहिला नाही. करपलेल्या केकची चार पानं तेवढी राहिली. नकार त्यांनीच पाठवला होता, हसत हसत, तिकीट लावून.

राणी उठली. एक काम राहिलंय, म्हणाली. दादानं शेवटी बजावलं होतं, ओळी दिसल्या असत्या तर बाईंनी काय लिहिलं असतं, तेवढं विचारून ये.

"हो लिहिलं असतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "सांग त्याला."

राणीनं पदर तोंडाला लावला. "आता कुनाला सांगू, बाई?"