आठवीचा वर्ग आणि अध्यक्षांचा मुलगा

आमच्या गावात भांडण करण्यासारख्या जागा थोड्या. बांध, पाण्याची पाळी, लग्नातलं मानपान आणि शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद. पहिल्या तिन्हींत मी कधी जिंकलो नाही, म्हणून वय उतरणीला लागल्यावर चौथ्यात उतरलो.

समिती म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण निवडून येईपर्यंत आमच्याकडे कोणालाच ते माहीत नसतं आणि निवडून आल्यावर विचारायची लाज वाटते. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांची पोरं शिकतात, त्या आईबापांनी आपल्यातून माणसं निवडायची. मुख्याध्यापक सचिव. शाळेला काय हवं, काय नको ते समितीनं ठरवायचं, ठराव करायचा आणि वर पाठवायचा. निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे आणि तो आम्ही काटेकोर पाळतो. सभेला त्यांचे नवरे जातात, एवढंच.

दुसरा नियम जरा अडचणीचा. अध्यक्ष व्हायचं तर तुमचं मूल त्याच शाळेत असायला हवं. आता आमच्या गावात ज्याच्याकडे चार पैसे आले, त्याचं पोर सकाळी टाय बांधून पिवळ्या गाडीत बसतं आणि नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत जातं. म्हणजे ज्यांना शाळा चालवायची हौस, त्यांची पोरं शाळेत नाहीत; आणि ज्यांची पोरं शाळेत आहेत, ती माणसं सभेच्या वेळी मिरचीच्या तोडणीला गेलेली. या दोघांच्या मधे मी होतो. हौसही होती, पोरही होतं.

पोर म्हणजे मुलगी. चाळिशी उलटल्यावर झालेली. शाळेत सोडायला गेलो की नवीन आलेल्या बाई मला तिचा आजोबा समजत, आणि मीही एकदोनदा तसंच चालवून घेतलं. ती सहावीत गेली तेव्हा माझ्या डोक्यात एकच किडा होता. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर एस.टी.नं बाजारच्या गावाला जायचं. ही एस.टी. सकाळी मनात येईल तेव्हा येते आणि संध्याकाळी मनात नसेल तर येत नाही. थंडीच्या दिवसांत पोरी अंधारात फाट्यावर उभ्या. एकेक करत त्या घरी बसायच्या, आणि घरी बसलेल्या पोरीला पाहायला पाहुणे यायला वेळ लागत नाही. आमच्या घरात बायकोनं आधीच सांगून टाकलं होतं, सातवी झाली की बस. मी मोटरसायकलवर सोडीन म्हणालो. ती म्हणाली, तुमचं लक्ष रस्त्यावर कमी आणि लोकांच्या शेतात जास्त, तुमच्या मागे मी पोरगी बसवणार नाही. त्याच आठवड्यात मी कोणाची तरी पपई बघता बघता पाण्याच्या चारीत गेलो होतो.

म्हणून ठरवलं, अध्यक्ष व्हायचं आणि आठवीचा वर्ग आणायचा. तसे ठराव पूर्वीही झाले होते. दरवर्षी एक. समिती ठराव करायची, चहा प्यायची, आणि ठराव तालुक्याला जाऊन एखाद्या टेबलावर झोपायचा. मला वाटायचं, त्याला उठवणारा माणूस हवा. तो माणूस मी, असं मला का वाटलं, ते आता आठवत नाही.

माझ्याविरुद्ध उभा राहिला माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान, मिरचीचा व्यापारी, गावोगावचा माल नंदुरबारला घालणारा, पांढरे कपडे घालून मिरची वाळवायच्या पथारीवर फिरला तरी डाग न पडणारा माणूस. त्याला पुढे ग्रामपंचायत लढवायची होती आणि बॅनरवर फोटोखाली लिहायला काहीतरी हवं होतं. नुसतं नाव बरं दिसत नाही. अडचण एकच, त्याचा एकुलता मुलगा पिवळ्या गाडीत होता.

यावर आमच्याकडे जुना उपाय आहे. नाव इथल्या शाळेत, पोरगं तिथल्या शाळेत. असे अध्यक्ष आमच्या गावानं पाहिले आहेत. त्यानं तिथून दाखला काढला, आमच्या शाळेत सहावीत नाव घातलं आणि पोराला दुसऱ्या दिवशी परत पिवळ्या गाडीत बसवायला निघाला. मुख्याध्यापकांनी हात जोडून सांगितलं की भाऊ, आता सगळं आधारला जोडलंय, एक पोर एकाच शाळेत दिसतं. इंग्रजी शाळेनंही सांगितलं, दाखला दिला म्हणजे दिला, आता पुढच्या वर्षी नव्यानं फी भरून या. आणि मूल शाळेत नाही तर अध्यक्षपद नाही. झालं. पद हवं तर पोरगं आमच्याच शाळेत बसवावं लागणार होतं. बॅनरवाल्याला सांगून झालं होतं, त्यामुळे मागे फिरणं शक्य नव्हतं.

पालकसभा झाली शाळेच्या मैदानावर, भर दुपारी. सदस्य बिनविरोध ठरले, म्हणजे कोणी कोणाला ठरवलं ते कोणालाच कळलं नाही. खरं तर अध्यक्ष त्या सदस्यांनी आपसांत निवडायचा असतो, पण सदस्य म्हणाले, भावाभावांच्या भांडणात आम्ही का पडू, सगळ्या सभेनंच ठरवावं. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शुद्ध मराठीत बोललो. घरी आरशासमोर तयारी केली होती. मुलींचं शिक्षण, एस.टी., अंधार, आठवी, सगळं आलं. चुलतभाऊ उठला, म्हणाला, सभेनंतर सगळ्यांनी भजी खाऊन जायची आहेत, आणि बसला.

मग हात वर करायला सांगितलं. चुलतभावासाठी सगळ्यांनी हात वर केले. मी मनातून खचलो. मग माझ्यासाठी विचारलं, तर पुन्हा सगळ्यांनी हात वर केले. चुलतभावानंही केला. सगळे एका भावकीतले, उद्या दोघांच्याही दारात जायचं, कोणाला दुखवायचं? मुख्याध्यापकांनी मोजलं, पुन्हा मोजलं, चष्मा पुसला आणि सांगितलं की एका माणसानं एकदाच हात वर करायचा. तर कोणीच केला नाही.

शेवटी त्यांनी तोड काढली. ज्यांना हे हवेत त्यांनी निंबाखाली उभं राहावं, ज्यांना ते हवेत त्यांनी ध्वजाच्या खांबाजवळ. चुलतभाऊ आधी उठून निंबाखाली गेला. मी खांबाजवळ गेलो. पावसानं दडी मारली होती आणि ऊन असं होतं की खांबाला हात लागला तर चटका बसावा. सगळी सभा हळूहळू, माझ्याकडे न बघता, सावलीत सरकली. माझ्याजवळ एक म्हातारा राहिला, त्याला ऐकू कमी येतं. त्यालाही कोणीतरी खुणेनं बोलावून घेतलं.

निंबाखाली माझी बायकोही होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हनासाठी मी उन्हमा उभी ऱ्हाऊ का? बाकीना कोणी उभं व्हतं का?"

पुढे वर्षभर समिती रीतीप्रमाणे चालली. अध्यक्षांचं बॅनर फाट्यावर लागलं. फोटोत ते मोबाइलवर बोलत होते, कोणाशी ते कळलं नाही. सभांना त्यांचा मुनीम यायचा. आठवीच्या ठरावाबद्दल मी चुलतभावाला रस्त्यात गाठून विचारलं की तो म्हणायचा, दादा, करू ना, शासनदरबारी आहे. शासनदरबारी म्हणजे कुठे, ते विचारलं की त्याचा फोन वाजायचा.

पण त्याच्या घरात दुसरंच चाललं होतं. मुलगा आमच्या शाळेत रमला. इंग्रजी शाळेच्या गाडीत तो रोज ओकायचा. कोळद्याच्या वळणावर नेमका, म्हणून ड्रायव्हर त्याच्यासाठी पिशवी ठेवायचा. आता तो चालत शाळेत यायचा, खिचडी दोनदा घ्यायचा, कबड्डीत पहिला असायचा, आणि घरच्यांना पहिल्यांदाच कळलं की पोरगं बोलतं. इंग्रजी शाळेत अहिराणी बोललं की दंड होता, म्हणून ते तीन-चार वर्षं गप्पच बसलं होतं. वर्ष संपलं, बॅनरही उन्हानं पांढरं पडलं, पदाची हौसही फिटली, आणि चुलतभावानं गाडीवाल्याला पुन्हा यायला सांगितलं. पोरगं गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसलं. त्याची आजी, म्हणजे माझी काकू, कोठीसमोर बसली. त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून गेला. सातवीही आमच्याच शाळेत.

त्या दिवाळीत फराळाला मी त्याच्याकडे गेलो होतो. चुलतभाऊ मुलाला समजावत होता की आता खेळून घे, सातवीनंतर तर नंदुरबारलाच जायचं आहे, एस.टी.नं जा नाहीतर गाडीनं. पोरानं चकली खाता खाता सांगितलं, "मी जावाव नही. मी आठेच शिकसू." आठे म्हणजे इथे.

"आठे आठवी शे का?" बाप म्हणाला.

"मंग आण ना. तू अध्यक्ष शे ना?"

काकू हसली. मी हसलो नाही, मी पुढची चकली घेतली. पण तेव्हाच मला वाटून गेलं की माझं दीड वर्षाचं भाषण या पोरानं एका चकलीत संपवलं.

दिवाळीनंतर अध्यक्ष कामाला लागले. ज्या माणसाला समितीची खोली कोणत्या बाजूला आहे ते माहीत नव्हतं, तो दर सोमवारी तालुक्याला जाऊन बसू लागला. झोपलेले सगळे ठराव उठले. नकाशा झाला, अंतर मोजलं गेलं, फोटो काढले गेले. एस.टी. वेळेवर येत नाही, असा दाखला स्वतः एस.टी.कडून आणता येतो, हे मला माहीत नव्हतं. त्याच्या मुलाला ओकारी होते, हा मुद्दा तेवढा अर्जात नव्हता. आणि उन्हाळ्यात बातमी आली, मंजुरी मिळाली. पण एका अटीवर. वर्गाला पुरेसा पट हवा.

इथे अध्यक्ष फसले. सातवीत मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, बाकीचे पिवळ्या गाडीत. वर्ग भरलेला होता मुलींनी. म्हणजे अध्यक्षांच्या मुलाला आठवी हवी असेल तर गावातल्या मुलींनी शिकायला हवं होतं. नुसत्या यंदाच्या नव्हे, आधी घरी बसलेल्यासुद्धा.

मे महिन्याच्या उन्हात तो दारोदार फिरला. आपण होऊन, टोपी घालून. आमच्या घरी आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो. पाणी प्यायला, घाम पुसला आणि सुरू झाला. मुलींचं शिक्षण. एस.टी. अंधार. मी ऐकत राहिलो. शब्द ओळखीचे होते, क्रमही ओळखीचा होता. भजी सांगायच्या घाईतही त्यानं माझं भाषण नीट ऐकलं होतं म्हणायचं.

शेवटी टोपी काढून म्हणाला, "दादा, पोरले घरमा बसाडू नको. तिन्हं आयुष्य शे. आते आपीनच मागं ऱ्हायनूत तं कसं व्हई?"

मला खूप काही बोलता आलं असतं. पण समोर माझ्या मुलीचं नाव लिहायला माणूस स्वतः चालून आला होता, आणि दारातून बायको माझ्याकडे अशी बघत होती की एक वाकडा शब्द गेला तर रात्रीची भाकरी मिळणार नाही. मी एवढंच म्हणालो की विचार करून सांगतो. तो काकुळतीला आला, पुन्हा सगळं पहिल्यापासून बोलला. दुसऱ्यांदा त्यानं ते माझ्यापेक्षा चांगलं केलं, हे मान्य करायला हवं. मग मी हो म्हणालो.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. फीत, नारळ, शाल, सगळं झालं. सगळ्या भाषणांत अध्यक्षांनी मुलींसाठी केलेल्या धडपडीचा उल्लेख झाला, आणि आभार मानायला मला उभं केलं होतं, कारण शुद्ध मराठीत बोलणारा गावात मीच. मी मनापासून आभार मानले. टोमणा मारायचा विचार होता, तयारही केला होता. पण समोर जमिनीवर पोरी बसल्या होत्या. त्यात शेजारच्या गल्लीतली एक होती, दीड वर्ष घरी बसलेली, इतरांपेक्षा डोकंभर उंच. तिची आई जुनाच गणवेश खालून उसवून लांब करून देत होती, ते आदल्या संध्याकाळी मी पाहिलं होतं. ती पाठ ताठ करून बसली होती आणि फळ्याकडे बघत होती, फळ्यावर अजून काहीच लिहिलं नव्हतं. टोमणा राहून गेला.

संध्याकाळी मुलगी घरी आली. दप्तर टाकलं, हातपाय धुतले. मी विचारलं कसा वाटला वर्ग. चांगला आहे म्हणाली, पंखा आहे, खिडकीजवळ जागा मिळाली. मग खाता खाता थांबली.

"आबा, नववीनं काय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच होती. आठवीपुढे जिल्हा परिषदेची शाळा आमच्या बाजूला कुठेच नाही, आणि फाट्यावरची एस.टी. त्या दिवशीही आली नव्हती.

मी पायात चप्पल सरकवली आणि चुलतभावाच्या घरी गेलो, त्याच्या मुलाचा पुढचा विचार काय आहे ते विचारायला.