प्लेंटी म्हणजे भरपूर

शहापूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. सहावीला ‘प्लेंटी’ शिकवताना माझी ठरलेली बडबड असते. नुसतं पुष्कळ म्हणजे प्लेंटी नव्हे, पुष्कळ असूनही कमी पडू शकतं. गरज भागून वर उरलं, की मग प्लेंटी. पोरं वाक्यं करतात, जंगलात करवंदं प्लेंटी, पावसात चिखल प्लेंटी. एकीने ‘बाईंना राग प्लेंटी’ असंही केलं. वाक्य बरोबर होतं, मार्क द्यावेच लागले!

माझी आई मुरबाडकडे, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात राहते. तिचा शब्द एकच, भरपूर. जेवलीस का? भरपूर. झोप लागली? भरपूर. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं धोरण. घरातली उणीव परक्यापुढे उघडी करायची नाही, आणि लग्न झालेली लेकही तिने परक्यातच जमा केलेली.

या श्रावणात तिला जबरदस्तीने शहापूरच्या दवाखान्यात आणलं. पोलकं सैल पडलेलं, दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना.

डॉक्टर नवे, हिंदी-इंग्रजी बोलणारे. मधे मी दुभाषी.

“खाना ठीक से जाता है?”

आईने पदर सावरला. “भरपूर.”

“प्लेंटी, डॉक्टर,” मी म्हणाले.

“पानी?”

“भरपूर.”

“प्लेंटी.”

ज्या शब्दासाठी मी पोरांच्या वह्या लाल करते, तोच इथे धडधडीत खोटा वापरत होते. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. आई सुटल्यासारखी उठली आणि दाराकडे निघाली.

मला मात्र खुर्चीतून उठवेना. आत्ता बाहेर पडलो तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

“नॉट प्लेंटी, डॉक्टर. ती काही खातच नाही. घास उतरत नाही तिला.”

आई दारातच थांबली. “लाज घालवलीस गो माझी.”

डॉक्टरांनी तिला परत बसवलं. कुठे अडकतं, म्हणून विचारलं. हे मला मराठीत सांगावंच लागलं नाही. तिने छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

“इथं. आता मऊ भात बी जात नाय.”

दुर्बिणीने तपासायला मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळाली. “पहले आना चाहिए था,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

रिक्षात आईने चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, “तुला कवा कळला?”

“होळीला. पुरणपोळीचा घास तू परसात जाऊन थुंकलीस, तेव्हा.”

तिने बोटांवर महिने मोजले.

“मंग तवाच का नाय बोललीस गो?”