पडायच्या शब्दांची वही

मी जळते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी माझीच बाजू सावरत बसले तर कुणी फसायला नको.

तळोद्याच्या अभ्यासिकेत आम्ही आठ-दहा मुली स्पर्धा परीक्षेची तयारी करायचो. त्यात इंग्रजी म्हणजे मी. सातवीपर्यंत इंग्रजी शाळेत होते, एवढ्यावर माझा रुबाब. पडणे, कोसळणे, मोडणे, बारगळणे या अर्थाचे शब्द पेपरात हमखास येतात, म्हणून त्यांची मी वेगळी वही केली होती. ब्रेक डाऊन, गिव्ह वे, केव्ह इन, फॉल अपार्ट, फॉल थ्रू. शब्द लाल शाईत, अर्थ निळ्या. कुणी अडलं की माझ्या बाकापाशी यायचं, आणि मी जरा वेळ लावूनच मान वर करायचे.

मग ती आली. सातपुड्यातल्या मोलगी गावाच्याही वरच्या पाड्यावरची. घरी पावरी, शाळेत मराठी, म्हणजे इंग्रजी तिची तिसरी भाषा. आम्ही सपाटीवरच्या मुली आपसात अहिराणी बोलायचो आणि ती आमच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी. तिने वही मागितली. मी लगेच दिली. दोन दिवसांत रडकुंडीला येईल अशी माझी खात्री होती.

तिने ती पाठ केलीच नाही. अभ्यासिकेच्या मागच्या अंगणात काडीने मातीत एक घर काढलं आणि मुलींना सांगू लागली, "हा मधला खांब. वाळवीने पोखरला, भार पेलवला नाही, म्हणजे गिव्ह वे. आता छप्पर आत बसलं, केव्ह इन. कुडाचे बांबू सुटे सुटे झाले, फॉल अपार्ट." मुली वाकून बघत होत्या. एकीने माझ्याकडे पाहून म्हटलं, "तुन्ही वहीमा असं काहीच नही व्हतं वं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द माझे, शाई माझी, आणि घोळका तिच्याभोवती!

एका शब्दापाशी मात्र ती अडली. फॉल थ्रू. मी ऐटीत सांगितलं, "सगळं ठरलेलं असतं आणि शेवटी होतच नाही." ती त्या मातीतल्या घराकडे बघत राहिली. "ठरलं होतं तर लोक आले असतील ना?" तिने विचारलं. मग तिने त्यांच्याकडचा लाहा सांगितला. कुणाचं घर उभारायचं असलं, शेत निंदायचं असलं, की निरोप जातो आणि घरटी एक माणूस कामाला येतो. मजुरी नाही. ज्याचं काम तो जेवू घालतो, आणि पुढे दुसऱ्याचा निरोप आला की त्याने जायचं. एखादा आजारी पडला तर त्याचा जेवणाचा वाटा घरी पोचवायचा. "येतो म्हटलं की माणूस येतोच," ती म्हणाली. फॉल थ्रूला त्या घरात तिला जागा सापडली नाही.

मुलींना हे इतकं आवडलं की अभ्यासिकेतही लाहा सुरू झाला. जिची परीक्षा असेल तिच्याभोवती आदल्या दिवशी सगळ्यांनी बसायचं, प्रश्न विचारून विचारून तयारी करून घ्यायची, आणि तिने सगळ्यांना खाऊ घालायचं.

एकाच भरतीचा पेपर मला शनिवारी आला, तिला सोमवारी. शुक्रवारी सगळ्या माझ्यासाठी बसल्या. सर्वांत जास्त वेळ तीच बसली. माझं गणित कच्चं, ते तिने न वैतागता चारदा समजावलं. रविवारी सकाळी तिचा निरोप आला. मी म्हटलं, "हो, येते."

गेले नाही. खोलीवर लोळत वहीतले शब्द एकेक करून तिला लावून पाहत होते. उद्या हिचं ब्रेक डाऊन होऊ दे. हिचं सगळं फॉल अपार्ट होऊ दे. खरंच, असंच म्हणत होते. दुपारी एकीचा फोन आला, "का वं, तू उनी नही?" मी आवाज बारीक केला. "मन्हं डोकं दुखी ऱ्हायनं."

संध्याकाळी दार वाजलं. मोबाइलवर विनोदी व्हिडिओ चालू होता, तोंडात भेळ होती, आणि मी हसत हसतच दार उघडलं. समोर ती. हातात स्टीलचा डबा. दुसऱ्या दिवशी पेपर असताना गावाच्या त्या टोकापासून चालत आली होती. तिने मोबाइलकडे पाहिलं, भेळेच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजाऱ्याचा वाटा," एवढंच म्हणाली. डबा खिडकीत ठेवला आणि गेली. एखादा टोमणा मारला असता तर मी भांडून मोकळी झाले असते. डब्यात ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ होती. भूक होती, मी खाल्ली.

ती पास झाली. मी राहिले.

आता ती तिकडे वर, मोलगीलाच नोकरीला आहे, आणि मी तळोद्यात क्लासमध्ये इंग्रजी शिकवते. फळ्यावर तिचंच घर काढते. खांब, छप्पर, कूड. मुली म्हणतात, मॅडम किती सोपं करून सांगतात. त्या कौतुकाचाही मला राग येतो, कारण ते तिचं आहे. फॉल थ्रू आला की मी त्या रविवारची गोष्ट सांगते, कुणा एका मुलीची म्हणून.

परवा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मंग तिनी डबा परत दिना का?"

मी फळा पुसायला वळले. डबा माझ्या फडताळात आहे, घासून पुसून ठेवलेला. मोलगीच्या जीपा क्लासच्या समोरूनच सुटतात.