चिंचोक्यांची फौज

गेली पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटर शिकवतोय. मशीन एक तर चालू असतं नाही तर बंद, अधलंमधलं काही नसतं, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. अंगात येणं, लिंबू-मिरची, अमक्याला तमका दिसला... असलं कुणी माझ्यापुढं काढलं की माझं डोकंच फिरतं. त्यामुळं खालचं वाचून तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

१९९८-९९ची गोष्ट. घर शेळगावला, तालुका इंदापूर. नोकरी बारामतीला, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. रोज सकाळची एसटी, संध्याकाळी परत. घरी तिघंच – आई, मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. वर्षापूर्वी आबांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडा हलायचा. कुशीवर वळवायचं तरी आई आणि मी, दोघं लागायचो.

पण खरं सांगायचं तर आबांनी माझ्याशी बोलणं त्याच्या दहा वर्षं आधीच टाकलं होतं.

आम्ही धनगर. आबांच्या तरुणपणी आमचा मोठा कळप होता, पावसाळा सोडला तर घर सगळं रानोमाळ. आमच्या घरात एक रीत होती. सकाळी वाघर – म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावतात ते जाळीचं कुंपण – उघडायच्या वेळी बाप जाळीच्या तोंडाशी एक पांढरा खडा ठेवायचा. ज्या पोरानं तो उचलून खिशात टाकला, त्यानं त्या दिवसापासून कळपापुढं चालायचं. आजोबांनी तो आबांसाठी ठेवला होता. गुळगुळीत, मधोमध काळी रेघ. बारावी झाल्यावर आबांनी तोच खडा माझ्यासाठी ठेवला, आणि मी त्याच्यावरून पाय टाकून डिप्लोमाच्या ॲडमिशनसाठी एसटी पकडली.

एकुलता एक मी. पुढं चालायला कुणी नाही म्हणून त्याच साली आबांनी मेंढरं विकली. ट्रक गेल्यावर त्यांनी तो खडा माझ्या डोळ्यादेखत विहिरीत फेकला. मग सगळं आईमार्फत. मी शेजारी बसलेलो असायचो आणि आबा म्हणायचे, “त्याला सांग, भाकरी खाऊन घे म्हणावं.” हसू यायचं, आणि जीवही जळायचा. कधी तरी बोलतील, माफ करतील, असं धरून चाललो होतो... तेवढ्यात त्यांची वाचाच गेली.

आता त्या खेळाचं सांगतो. क्लासमध्ये मोडेम होता. इंटरनेट लागलं तर लागायचं, नाही तर नुसता किर्र आवाज. त्यावर मला ईमेलवरचा एक युद्धाचा खेळ सापडला. चित्रं-बित्रं काही नाहीत. एक काल्पनिक देश, जगभरातले चाळीसेक खेळाडू, प्रत्येकाच्या तुकड्या. दर दोन दिवसांनी दुपारी बाराच्या आत आपले हुकूम पाठवायचे – ही तुकडी घाटात, ती नदीपलीकडं. सगळ्यांचे हुकूम एकदमच उघडायचे. म्हणजे समोरचा काय करणार हे आधीच ओळखायला पाहिजे. आणि मारामारीपेक्षा जास्त काम आखणीचं. रसद कुठून येणार, कुणाशी दोस्ती, कुणाला हुलकावणी, तीन महिन्यांनी आपण कुठं असणार... पोलंडचा एक गडी माझा दोस्त झाला होता. आम्ही मिळून समोरच्या लाल फौजेची राजधानी घ्यायचा बेत आखत होतो.

मला खेळाचं वेडच लागलं. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून प्लायवूडवर नकाशा काढला, आबांच्या खाटेसमोर भिंतीला लागून लोखंडी पेटी होती तिच्यावर ठेवला, आणि चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे एक तुकडी. संध्याकाळी विचार करायचा, सकाळी त्यावरून हुकूम वहीत उतरवायचे, बारामतीला जाऊन पाठवायचे.

आई म्हणायची, “बाप मेंढरं राखायचा, ल्योक चिंचोकं राखतोय. लई प्रगती झाली म्हणायची!”

एके दिवशी एसटी चुकेल म्हणून मी घाईत, नीट न बघताच हुकूम उतरवले. पुढचा निकाल आला आणि मी चाटच पडलो. घाटातल्या माझ्या तीन तुकड्या नदीमागं गेल्या होत्या. मी तर त्यांना घाटातच ठेवलं होतं! आणि लाल फौज नेमकी त्याच घाटावर तुटून पडली होती... रिकाम्या घाटावर. घरी येऊन बघतो, तर तीन चिंचोके खरंच नदीमागं.

“आई, पुसताना चिंचोके हलवलेस का?”

“मी कशाला हात लावू तुझ्या खेळाला? तिकडचा झाडूबी मी लांबनं मारती.”

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून मी सोडून दिलं. आठवड्यानं पुन्हा तेच. मग प्रत्येक चिंचोक्याभोवती पेन्सिलनं गोल काढले. तरी हलले, दुपारचेच, मी बारामतीला आणि आई रानात असताना. घरात फक्त आबा. खाट ते पेटी पाच पावलं. मी चुलीतली राख आणली आणि पेटीभोवती फरशीवर चाळणीनं पसरली. संध्याकाळी राखेवर मुंगीचंही पाऊल नव्हतं. चिंचोके मात्र दोन बोटं डावीकडं.

माझी पाचावर धारण बसली. आबांजवळ जाऊन विचारलं, “आबा, तुमी करताय व्हय हे?” ते नुसते पेटीकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण अर्धांगवायूनंतर त्यांच्या डोळ्यांत ते कायमच असायचं.

नोकरीत लक्ष लागेना. फळ्यावर लिहिता लिहिता वाटायचं, आत्ता हलत असतील. जेवताना मान आपोआप पेटीकडं वळायची. आणि तरी – हे कुणाला सांगितलं नव्हतं – मला आनंदही होत होता. कारण ती चाल मला ओळखीची वाटायला लागली होती. चारा संपायच्या आधी जागा सोडायची. म्हातारी आणि कोकरं मधे, कुत्री कडेला. एका माणसानं आधी पुढं जाऊन पाणी बघून यायचं, मगच कळप हलवायचा. पोलंडच्या गड्यानं लिहिलं, तू पूर्वी भांडायचास, हल्ली चालतोस. त्या दिवशी मी एसटीत खिडकीकडं तोंड करून रडलो.

मग माझ्यातला गाढव जागा झाला. राजधानीवरच्या हल्ल्याचा दिवस ठरला. तीन महिन्यांची तयारी, सगळ्या तुकड्या एकदम पुढं. आदल्या संध्याकाळी घरी आलो तर सगळे चिंचोके मागं सरकलेले, नकाशातल्या दलदलीकडं. मी पुढं आणले. सकाळी अंघोळ करून आलो तर पुन्हा मागं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आबांकडं वळून मी ओरडलो, “न्हाय ऐकायचं मला तुमचं! तवा ऐकलं असतं तर आज मेंढरंच राखत बसलो असतो!” आणि हातानं सगळे चिंचोके फरशीवर उधळून दिले.

आई दारात उभी होती. “आरं, कुनाला बोलतुयास? त्यास्नी बोलता येत न्हाय म्हणून?” एवढंच म्हणाली. मी तसाच बाहेर पडलो, बारामतीला जाऊन हल्ल्याचे हुकूम पाठवले. दुपारी क्लासमध्ये गावातून फोन आला. आबांना दुसरा झटका आलाय, जीपनं बारामतीला आणतायत.

दोन दिवस आम्ही दोघं दवाखान्यात. निघताना आईनं घराला कुलूप लावलं होतं; किल्ली एकच, ती तिनं आल्याआल्या माझ्याकडं दिली, ती माझ्या करगोट्याला. आबांचा डावा हात सारखा चादरीवर फिरत होता, काहीतरी उचलून ठेवल्यागत. आई म्हणाली, “मेंढरं आत घेत्यात जनू.”

तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे आणायला गावी जायचं होतं. वाटेत क्लासमध्ये डोकावलो, निकाल उघडला. सत्यानाश! राजधानी हा सापळाच होता, मागनं येऊन त्यांनी चेंदामेंदा केला. माझ्या फक्त नऊ तुकड्या उरल्या होत्या. मशीन बंद केलं, एसटी धरली. हे कुणाला सांगितलं नाही, सांगून तरी कुणाला कळणार होतं?

घरी कुलूप जसंच्या तसं. खिडकी आतनं लावलेली. दार उघडलं. उधळलेले चिंचोके फरशीवर तसेच पडलेले होते, पण सगळे नाहीत. काही नकाशावर होते. मी मोजले. नऊ. गोल मांडलेले, वाघरीसारखे, एका बाजूला तोंड उघडं, दलदलीच्या दिशेला. आणि त्या तोंडाशी एक पांढरा खडा. गुळगुळीत... मधोमध काळी रेघ.

 खडा मुठीत घेतला आणि कपडे न घेताच बारामती गाठली. आई पाणी आणायला गेली होती. आबांच्या डाव्या हातात खडा ठेवला आणि म्हणालो, “आबा, चुकलं माझं.” त्यांच्या बोटांनी तो चाचपला, काळ्या रेघेवरून अंगठा फिरला. मग त्यांनी मूठ उघडली आणि खडा चादरीवरून हळूहळू, दोनदा थांबून, माझ्या बाजूला सरकवला.

मी उचलला. खिशात टाकला. माझ्या खिशाकडं बघून त्यांनी डोळे मिटले, आणि चौथ्या दिवशी गेले.

त्या नऊ तुकड्या मी दलदलीतून बाहेर काढल्या. जिंकलो नाही, पण खेळ संपेपर्यंत त्यातली एकही मेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला, तेव्हा मी स्वतः आत उतरलो होतो. काळ्या रेघेचा पांढरा खडा आत सापडला असता तर हा दुसरा, असं म्हणून सुटलो असतो. सापडला नाही. पण गाळ भरपूर होता, कदाचित नजरेतून निसटलाही असेल... मित्र म्हणतात, आईकडं दुसरी किल्ली असेल. आई तर दवाखान्यातून हललीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आला की माणूस स्वतःच करतो आणि विसरतो. बरं, चिंचोके मीच मांडले असतील. मग खडा कुठून आणला?

मला उत्तर माहीत नाही. वर्गात मी अजून तेच शिकवतो, मशीन चालू किंवा बंद. खडा खिशातच असतो. तो माझ्याकडं कसा आला ते सांगता येत नाही, पण दिला कुणी, ते मी या डोळ्यांनी बघितलंय.