पहिला कण सापडला त्या सकाळी

माझी वहिनी तंत्रज्ञ. अवकाशातून येणारा प्रचंड ऊर्जेचा कण हवेवर आदळला की क्षणभर अंधुक उजेड पडतो. तो टिपायला तिनं प्लास्टिकच्या भिंगाची, स्वस्तातली दुर्बीण स्वतः जोडली होती. दुर्बीण चालू असताना तिथं फोनचासुद्धा उजेड चालत नसे.

त्या रात्री ती दुर्बिणीपाशी होती आणि इकडे घरी दादाच्या छातीत कळ आली. डॉक्टरांना बोलावून मी वहिनीला फोन लावणार, तर त्यानं माझा हात धरला. "नको गं, तिची मेहनत पाण्यात जाईल. सकाळी येईलच की."

डॉक्टर आले, पण उजाडायच्या आत दादा गेला.

थोड्या वेळानं वहिनी हसतच दारात आली. "अहो, ऐकलंत का? पहिला कण सापडला!"

तिनं पुन्हा हाक मारली.